उरलेल्या दोन फेऱ्या

“अहो, रुसलात का?” मैदानाच्या पाचव्या फेरीत कुमुदने नवऱ्याला विचारलं.

सकाळी दिगंबर म्हणाले होते, “आज छाती जड वाटतेय गं, नको जायला.” तिनेच मग पायबळाची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली होती. “घ्या मुकाट्यानं. चालायला लागलात की मोकळं वाटेल.”

गोळी पोटात गेली की पाय आपणहून चालत, मोजून सात फेऱ्या, दमणं म्हणून नाही. अख्ख्या कॉलनीतले सत्तरीचे म्हातारे हरणासारखे चालत.

“दोन फेऱ्या झाल्या, तोंडातून शब्द नाही. एवढा राग बरा नव्हे हो!” म्हणत तिने त्यांचा हात धरला.

कोवळ्या उन्हातही तो हात रांजणासारखा गार होता.

मनगटावरच्या घड्याळात पावलं भराभर वाढत होती. खाली लिहिलं होतं: ठोके शून्य, तिसऱ्या फेरीपासून.

टोपीखाली डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. पाय मात्र तालात पडत होते.

“वहिनी, भाऊंची चाल आज झकास!” मागून चालणारे शेजारी करमरकर ओरडले.

कुमुदने त्यांना थांबवायला हात मागे ओढला. पाय थांबेनात, हातही सुटेना. ती त्यांच्यामागे ओढली जात राहिली.

पायांच्या अजून दोन फेऱ्या उरल्या होत्या.