रोजची चावी

"मोडायचंच हाय," विजयसिंह म्हणाला आणि वडिलांचं, अप्पांचं सोन्याचं घड्याळ त्यानं सोनाराच्या पुढ्यात ठेवलं. "पोराचा साखरपुडा आलाय. शार्दूलला ह्याची अंगठी करा."

कोल्हापूरच्या सराफबाजारातलं, गुजरीतलं दुकान, दुपारची वेळ. विजयसिंहच्या एका बाजूला त्याची बायको पूर्णिमा, दुसऱ्या बाजूला बहीण संयोगिता. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वहिनीच्या तोंडून फोनवर निसटलं, तशी ती मंगळवार पेठेतून स्कूटी दामटत आली होती. शेतीतला हक्क सोडल्याच्या कागदावर सही करताना तिनं हू की चू केलं नव्हतं. अप्पांच्या मागं तिला हवं होतं ते हे एवढंच.

"दादा, मला दे की रे ते. शार्दूलला अंगठी मी करते."

"अगं, बंद घड्याळ घेऊन काय करणार तू?"

"बंद तर बंद. माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

"सोनं हाय ते. माहेरचं सोनं असं मागत न्हाईत."

"आणि बंद घड्याळ घरात ठिवू नये, वन्सं," पूर्णिमा म्हणाली. "अपशकुन असतोय."

घड्याळ बंद कसं पडलं, हे एव्हाना निम्म्या कोल्हापूरला ठाऊक होतं. अप्पा गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विजयसिंहनं डोळे पुसत सांगितलं होतं. अप्पांनी प्राण सोडला आणि त्याच दिवशी घड्याळ थांबलं! माणसं हळहळायची. बायका घड्याळाला हात लावून नमस्कार करायच्या. संयोगिता कोपऱ्यात बसून ऐकायची आणि आतल्या आत जळायची. थांबणारच की! रोज सकाळी ती यायची, अप्पांचं अंग पुसायची, पेज भरवायची आणि घड्याळाला चावी देऊन त्यांच्या मनगटावर बांधायची. त्या सकाळी अप्पाच गेले, मग चावी कुणाला सुचतेय? घड्याळ चावीवर चालतं, हे त्याच घरात राहणाऱ्या विजयसिंहला माहीत नव्हतं. सकाळी अप्पांच्या खोलीत तो कधी डोकावलाच नव्हता. मोबाईलच्या दुकानात नेऊन सेल बदला म्हणाला होता! ह्यात सेल बसतच न्हाय, असं तिथं सांगितल्यावर साहेबांची खात्रीच पटली, की घड्याळ अप्पांबरोबर गेलं.

संयोगितानं मुद्दामच तोंड उघडलं नव्हतं. बंद पडलेली वस्तू, कंटाळून एक दिवस देऊन टाकेल आपल्याला, असं तिला वाटत होतं. पण सोन्याला कोण कंटाळतंय?

सोनारानं घड्याळ उलटंपालटं केलं, कड दगडावर घासून बघितली. "घड्याळातलं आपल्याला काय कळत न्हाय. सोनं चांगलं हाय. आतलं मशीन काढून टाकायचं आणि वरची डबी वितळवायची. काढू?"

"काढा."

सोनारानं पक्कड उचलली. संयोगिता पुढं सरकली. बोलावं तर घड्याळ वाचणार, पण आपल्याला मिळायचं नाही. गप्प बसावं तर ते कुणाचंच राहायचं नाही.

"थांबा!" ती एवढ्यानं ओरडली, की समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

तिनं सोनाराच्या हातातून घड्याळ हिसकावून घेतलं. बाजूची बारकी चावी चिमटीत धरली आणि रोजच्यासारखी फिरवली. सेकंदाचा काटा जरासा थरथरला आणि चालायला लागला.

"अगं बाई, सुरू झालं!" पूर्णिमा म्हणाली.

"अप्पांचा आशीर्वाद!" विजयसिंहनं घड्याळ बहिणीच्या हातातून काढून घेतलं. पावलं मोजणारं स्वतःचं काळं घड्याळ खिशात टाकलं, अप्पांचं मनगटावर बांधलं आणि हात लांब धरून बघितला. "आता मोडायचं न्हाय. घराण्यात ऱ्हाऊ दे. अंगठी दुसऱ्या सोन्याची करू." पूर्णिमानं लगेच त्याचा फोटो काढला.

"दादा, मी मागितलं होतं ते."

"बंद होतं तवा मागितलंस. चालू घड्याळ कोण देतंय, येडे?" तो हसला. मग म्हणाला, "आणि ह्या चावीचं काय? रोज द्यायला लागती?"

"रोज. सकाळी. न्हाई दिली तर थांबतं."

"म्हणजे त्या दिवशी..." बोलता बोलता पूर्णिमानं नवऱ्याकडं बघितलं.

विजयसिंहनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. "मला कुठलं ध्यानात ऱ्हातंय रोज. तू हायस की. अप्पांसाठी यायचीस तशी येत जा सकाळी. तेवढंच तुझं माहेरी येणं हुईल."

संयोगितानं पर्स खांद्याला अडकवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं नाही. असा राग तिला घड्याळाची ती गोष्ट ऐकतानासुद्धा आला नव्हता.

"येईन की," ती म्हणाली. "पण एखाद्या दिवशी न्हाई जमलं, तर थांबंल हं ते. आणि घालणारा गेला की घड्याळ थांबतं, हे तूच सांगितलंयस सगळ्या गावाला."

ती दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली. रस्त्यावर तिची स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. सोनारानं पक्कड जागेवर ठेवली आणि दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

विजयसिंहनं मनगट हळूच कानाशी नेलं.