फक्त हो किंवा नाही

“जिवंत हाये काय?” नीताने विचारलं.

“हो,” ऋषिकेश म्हणाला.

“बाई हाये?” साधनाने विचारलं.

“हो. दोन झाले. अठरा राह्यले.”

रविवारची दुपार होती. तलाठी भरतीच्या ऑनलाइन क्लासची चाचणी संपली की तिघं व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळत. एकाने मनात एक प्रसिद्ध माणूस धरायचा. बाकीच्यांनी वीस प्रश्नांत त्याला ओळखायचं. उत्तर फक्त हो किंवा नाही. ऋषिकेश कारंज्याचा, साधना जऊळक्याची, नीता मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आठ महिन्यांची ओळख, तीही मोबाइलवरचीच. नीता कधी कॅमेरा लावत नसे. तांड्यावर रेंज पुरत नाही, असं ती सांगायची. दोघांना ते खरं वाटे. ऋषिकेशने तिला काळ-काम-वेगाची गणितं दहादा समजावली होती, एकदाही न कंटाळता. असे मित्र तिला दुसरे नव्हते.

सिनेमातली? नाही. खेळाडू? नाही. निवडणूक लढलेली? नाही.

“आपल्या जिल्ह्यातली हाये?” साधनाने विचारलं.

“हो!” ऋषिकेशला हसू आवरेना.

“मोबाइलवर पाह्यली आपण तिले?”

“हो!”

साधनाही खिदळली. “मले समजलं. लय सोपं हाये. नीता, आता तू ओळख.”

नीताने हळूच विचारलं, “ग्रामसभेत बोलली व्हती काय ते?”

“हो! आलं ना ध्यानात? ढोरंवाली!”

आणि ऋषिकेशने ती क्लिप लावलीच. चार सेकंदांची. पिवळ्या ओढणीतली एक मुलगी माइक धरून ओरडते, “आमची लेकरं काय ढोरं हायेत काय?” ‘ढोरं’वर तिचा आवाज फाटतो, माइक किंचाळतो. कुणीतरी त्यावर ढोलाचा ठेका चढवला होता. ढोरं, ढोरं, ढोरं. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक वरातीत त्यावर पोरं नाचली होती. साधना मान डोलावत हसत होती.

क्लिप संपली.

“नीता? रेंज गेली काय?” ऋषिकेशने विचारलं.

“नाही. रेंज हाये.” तिचा आवाज कोरडा झाला होता. “नाव सांग तिचं.”

“नाव कोनाले मालूम? ढोरंवालीच म्हनतात सारे.”

“मंग कोनीच ओळखलं नाही अजून. आठ प्रश्न झाले, बाकीचे मी इचारते. सभेत आलेल्या साहेबानं तिले आधी काय म्हटलं व्हतं, तुले मालूम हाये?”

“नाही… पन हा काय प्रश्न—”

“दिवाळी झाली की माय-बाप ऊसतोडीले जातात. लेकरांसाठी गावात वसतिगृह मांगलं, तं साहेब म्हने, ‘संग घेऊन जा, तुमच्या लेकरांयले सवय हाये.’ ते तुह्या क्लिपमंदी हाये काय?”

“नाही.”

“मंग वसतिगृह चालू झालं, हे मालूम हाये?”

“नाही.”

“त्या साली एकोनीस लेकरं उसात गेली नाही, शाळेत राह्यली. हे?”

“नाही.” ऋषिकेशचं हसू केव्हाच विरलं होतं. साधना मोबाइलच्या जवळ सरकली.

“कॉलेजात पोरं तिच्या मांगं हंबरत व्हती. तिनं कॉलेज सोडलं. हे मालूम हाये?”

“नाही. नीता, पन तुले हे सारं कसं—”

“तू फक्त हो नाहीतं नाही म्हन.”

तांड्यावर कुठेतरी कोंबडी कलकलली.

नीताचा अंगठा लाल बटणावर गेला. कॉल कापला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी, पुन्हा हा खेळ, पुन्हा रेंजचं कारण. तीन वर्षांत तिने परक्या माणसासमोर एकदाही कॅमेरा उघडला नव्हता. ओढणीचा रंगसुद्धा बदलला होता. आईने, गोमतीबाईने, कितीदा म्हटलं होतं, तू कोणाची चोरी नाही केली. ते तिला आज पहिल्यांदा पटलं. ज्यांनी लपायला हवं होतं ते नाचत होते. आणि लपून बसली होती ती.

“शेवटचा प्रश्न,” ती म्हणाली. “ते समोर आली तं ओळखशील?”

“हो,” ऋषिकेश अगदी हळू म्हणाला.

नीताने कॅमेरा उघडला.

चित्र आधी अडखळलं, मग स्थिर झालं. तोच चेहरा, थोडा भरलेला. त्याच भुवया, तसेच ताठ खांदे. साधनाने तोंडावर हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋषिकेशने मान खाली घातली.

“मले मालूम नव्हतं, नीता. खरंच नव्हतं,” तो म्हणाला. “आत्ताच डिलीट करतो. मी पाच-सहा ग्रुपवर टाकली व्हती, तिथंबी सांगतो. कोनाकडंच राहू देत नाही.”

“काहून?” नीता त्याच्याकडे सरळ पाहत म्हणाली. “राहू दे. पुऱ्या सभेचा व्हिडिओ माह्याजवळ हाये, आत्ता पाठवते, तोबी तिथंच टाक. अन् खाली नाव लिह्य. नीता हेमसिंग राठोड.”