कडू घास

"क्लेम पास झाला, आई!" समर्थनं मोबाइल रुक्माबाईंच्या नाकासमोर धरला. "डॉक्टरची फी, गोळ्या, ह्या आतल्या बाईंशी बोलायचं, समदं बसलं त्यात. आता वरीसभर काळजी न्हाय."

कॅम्पातल्या दवाखान्यात, समुपदेशनाच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसली होती. रुक्माबाईंना हायसं वाटलं. समर्थच्या कारखान्याच्या विम्यात आईचंही नाव होतं, म्हणून तर हे औषधपाणी चाललं होतं. यजमान मारुतीराव गेल्यापासून रुक्माबाईंची झोप उडाली होती. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप आली. पण छातीवरचा धोंडा हलला तो समुपदेशक शाल्मलीबाईंच्या खोलीत. "या खोलीतलं या खोलीतच राहणार," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्या एका शब्दावर रुक्माबाई चाळीस वर्षांचं बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

"इडली आणू काय खालनं?"

"नको रं. भूक न्हाय."

"आप्पा गेले त्या दिवशी बरी लागलीती भूक," समर्थ म्हणाला. मोबाइलवरची नजर त्यानं वर केली नाही.

रुक्माबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. मारुतीरावांना पोचवून सगळे परतले तेव्हा भावकीतल्या बायकांनी कडू घासाची पिठलं-भाकरी आणली होती. दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. रीत म्हणून प्रत्येकानं घासभर खाल्लं आणि हात धुतले. रुक्माबाईंनी मात्र मागच्या खोलीत जाऊन, उभ्या-उभ्या दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. ताटावरून ओढून उठवणारं घरात आता कुणी नव्हतं. त्या भाकरीची लाज त्यांना वर्षभर जाळत होती. पाहिलं कुणीच नव्हतं, आणि सांगितलं होतं ते एकाच माणसाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कागदात हाय की." समर्थनं मोबाइल खिशात टाकला. "विमा कंपनीनं पयल्यांदा क्लेम परत धाडलाता. काय बोलणं चाललंय त्याचं टिपण लावा म्हणाले. ह्या बाई म्हणाल्या, पेशंटच्या सहीबगर देणार न्हाय. मग तुझी सही नेऊन दिली."

सही रुक्माबाईंना आठवली. मागे एका रविवारी त्या तांदूळ निवडत होत्या. गाव सीमाभागातलं; शेताच्या उताऱ्यापासून रेशनपर्यंत घरात येणारा प्रत्येक कागद कानडीत, आणि त्यांचं शिक्षण मराठी शाळेतलं सातवीपर्यंतचं. त्यामुळे समर्थनं पेन्सिलनं फुली मारायची आणि त्यांनी तिथं नाव लिहायचं, हा घरचा शिरस्ता. या वेळचा कागद कानडीत होता की इंग्रजीत, हेही त्यांनी पाहिलं नव्हतं. पोटच्या पोरानं पुढं केलेला कागद कोण वाचून घेतं?

"तू वाचलंस?"

"मी वाचलं, माझ्या बायकोनं वाचलं. आमच्या ऑफिसातनंच पुढं जातंय ते, तिथल्या मॅडमनी वाचलं." त्याचा आवाज चढला. "केबिनात बोलावून इचारलं मला, तुमचे वडील आईला मारत होते व्हय? माझी काय किंमत ऱ्हायली गं तिथं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"न्हाय म्हणालो. दुसरं काय सांगणार?"

रुक्माबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हाच आठ वर्षांचा असताना भाताच्या कणगीमागं कानांवर हात दाबून बसायचा. सकाळी बाप शेताकडं गेला की हळद गरम करून आईच्या दंडाला लावायचा, आणि लावताना स्वतःच रडायचा. मारुतीरावांच्या मागं हे डोळ्यांनी पाहिलेलं जगात एकच माणूस उरलं होतं. नवऱ्याच्या माराचं दुःख जुनं होतं, मुरलं होतं. हे आत्ताचं होतं, आणि ते काळजात घुसलं.

"अजून धा भेटी शिल्लक हाईत," समर्थ जरा नरमून म्हणाला. "वाया घालवू नकोस. फक्त जरा बघून बोल."

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. रुक्माबाई उठल्या.

शाल्मलीबाई वही उघडून बसल्या होत्या. पंचविशी-तिशीतली शहरातली मुलगी, हसरी. "या आक्का, बसा. झोप लागते ना आता?"

"लागती. बाई, खोलीतलं खोलीत ऱ्हातंय म्हणालात न्हवं तुमी?"

शाल्मलीबाईंचं हसू मावळलं. "आक्का, तुमची सही आली होती. मला वाटलं, समजून-उमजूनच केली असेल. मी एकदा तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं..."

"सही माजीच हाय," रुक्माबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर टेकल्या, पदर सारखा केला आणि वहीकडं बोट दाखवलं. "लिवा."

"काय लिहू?"

"आमचे मालक देवमाणूस होते. चाळीस वर्सांत बोट न्हाय लावलं मला."

शाल्मलीबाईंनी पेन खाली ठेवलं. "आक्का, असं नका ना करू."

"लिवा, बाई. शिकलासवरलेला ल्योक भाईर बसलाय माजा. त्येनं बी हेच सांगितलंय."