म्हशीची जांभई

"रेकनी नही, ताई. आज चौथा रोज शे, पन आवाजच काढी नही राह्यनी." जनावरांची डॉक्टर दिपमाला गाडीवरून उतरायच्या आत मगननानांनी मळ्याच्या फाटकाशीच निकाल सांगून टाकला.

दिपमाला पिशवी घेऊन गोठ्याकडे निघाली. म्हशीला माजावर आणायचं इंजेक्शन तिने आता तिसऱ्यांदा दिलं होतं. दर खेपेला बजावलं होतं, तीन-चार दिवसांत रेकेल, रेकली की लगेच फोन करा, रेतन करून भरवायची वेळ चुकता कामा नये. दर खेपेला फोन आलाच नव्हता. मुका माज असेल, असं ती मागे म्हणाली होती. काही म्हशी आतून माजावर येतात आणि वरून ब्र काढत नाहीत. आज मात्र तिला राहवलं नाही, ती न बोलावता आली होती.

नानांसाठी ही खेप शेवटची होती. सुरतेच्या मुलाने, स्वप्नीलने, निक्षून सांगितलं होतं : या वेळी गाभण राहिली नाही तर भाकड जनावर विकायचं, दाराला कुलूप घालायचं आणि सुरतेला यायचं. तिथे नानांसाठी खाट होती, टीव्ही होता, चौथ्या मजल्यावरची गॅलरीही होती. पण बायको, बेबाबाई, वारल्यापासून सकाळी उठून जिच्याशी दोन शब्द बोलावेत अशी ही एक म्हैसच उरली होती, आणि तिला सोडून जायचं म्हटलं की नाना विषयच बदलायचे.

तसं बेबाबाई गेली आणि सगळं जगच गप्प झालं, असं नानांचं ठाम मत होतं. माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. पाखरंसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाहीत. ही डॉक्टरीण तेवढी खणखणीत बोलते, म्हणून त्यांना ती आवडायची.

"कंटाळी गयी बिचारी," गोठ्यात म्हशीकडे पाठ करून नाना सांगू लागले. "पहाटपाईन नुसत्या जांभया दी राह्यनी. मान लांबी करस, तोंड वासस, आनि..."

दिपमालाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि चांगलीच दचकली होती. नाना वळले. म्हैस लांबवलेली मान खाली घेत तोंड मिटत होती.

"देखा, आखो जांभई दिनी."

दिपमाला त्यांच्या अगदी कानाशी आली आणि मोठ्याने म्हणाली, "नाना, ती जांभई नाही. रेकली ती."

"कव्हय?"

"आत्ता. तुम्ही बोलत होता तेव्हा. एवढ्या मोठ्यानं, की ते रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा उठून भुंकायला लागलं."

नानांनी रस्त्याकडे पाहिलं. कुत्रं उभं होतं. त्याचं तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं.

ते गव्हाणीच्या कडेवर बसले. पूर्वी बेबाबाई त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा ओरडून. बाईची खोडच आहे, म्हणून ते तिच्यावर खेकसायचे. आणि ही मुकी बिचारी किती पहाटे त्यांना बोलावत होती, आणि ते तिच्यासमोर बसून निवांत चहा पीत होते. लाजेने त्यांना मान वर करवेना.

"पहाटेपासून रेकते म्हणजे संध्याकाळी भरवू," दिपमाला म्हणाली.

संध्याकाळी ती परत आली. म्हैस भरवून झाली, बीज सुटायचं इंजेक्शनही देऊन झालं. हात धुताना ती सवयीने बोलून गेली, "आता एकविसाव्या दिवसाकडे लक्ष ठेवा. परत रेकली तर समजायचं, फुकट गेलं. गप्प राहिली तर बहुतेक गाभण." मग तिच्या लक्षात आलं. "ऐकायला कोणी आहे ना घरात?"

"ऐकनारी व्हती," नाना म्हणाले. "दोन साल व्हयनात तिले जाईसन."

दिपमालाने पिशवीची चेन दोनदा लावली. तिच्या ओळखीचे कानाचे डॉक्टर जळगावात आहेत, असं ती सांगू लागली. नानांनी मान डोलावली, पण त्यांचं मन बोटांवर दिवस मोजण्यात होतं.

विसाव्या दिवशी त्यांनी खाट गोठ्यात आणून टाकली. एकविसाव्या दिवशी पहाटे तांबडं फुटायच्या आधीच ते उठले, घमेलं उपडं घालून म्हशीला खेटून बसले आणि तिच्या गळ्याखाली तळवा धरला. रवंथाचा घास तेवढा तळव्याखाली वर यायचा, खाली जायचा. प्रत्येक घासाला ते तळवा आणखी दाबून धरायचे. उजाडत आलं. म्हशीने मान जराशी लांब केली, तसा त्यांनी दुसराही हात तिच्या गळ्याभोवती टाकला. मग तिच्या कानाशी वाकून, त्यांच्या मते अगदी हळू आवाजात, ते म्हणाले,

"आज काहीच बोलू नको, माय."