तीन कॉलेजांची एक लॅब

हे लिहिणारच नव्हतो, पण राहवेना.

शेजारशेजारच्या तीन कॉलेजांनी ठरवलं, तीन लॅब कशाला, तिघांत मिळून एकच चालवू. त्यातल्या एका कॉलेजच्या प्राचार्यांनी आपल्या लॅब असिस्टंटला विचारलं, "माणसं किती लागतील रे?" सरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं मत विचारलं म्हणून गडी असा काही फुगला, की बोलून गेला, "सर, डाव्या हाताचा मळ आहे. मी एकटा बास!"

महिन्याभरात पलीकडच्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंटच्या, म्हणजे त्याच्या जिवलग दोस्ताच्या हातात नोटीस पडली.

"बावीस वर्षं टेस्ट ट्यूब धुतल्या रे मी. आणि कुणा गाढवाने सांगितलं यांना, एकटा माणूस पुरतो म्हणून?"



त्याने दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "शोधून काढतो त्याला. शब्द देतो तुला."