भारतचा माऊस

भारतच्या तेरवीनंतरच्या रविवारी त्याची बायको रंजिता मारेगावच्या कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीला आली. तांड्यावरच्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचं त्याचं काम तिनं मागून घेतलं होतं. ती भारतच्याच मशीनवर बसली. माऊस दोनचारदा दाबून थबकली. “भाऊ, माऊस बिघडला काय? दाबतो एक अन् होते भलतंच.” क्लब चालवणारा धर्मपाल पाहायला वाकला आणि तसाच थांबला. भारतचा उजवा हात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात गेला, तेव्हा डाव्या हाताच्या सोयीसाठी धर्मपालनंच माऊसची बटणं उलटी करून दिली होती. “बिघडला नाही, वहिनी. भारतच्या डाव्या हाताचा हाये तो. थांबा, सरळ करून देतो.” त्यानं हात पुढे केला, तिनं माऊस तळव्याखाली झाकला. मग उजवा हात पदराखाली घेतला, डावा माऊसवर ठेवला. “राहू द्या, भाऊ. त्यायले शिकवलं तसंच मले शिकवा.”