टेंपोवरचा बोजा

"मावशी, हे खातं बंद होऊन चार वर्षं झाली," श्रद्धाने कॉम्प्युटर उज्वलाकडे वळवला. "टेंपोवर आमचं काहीच कर्ज नाही."

उज्वला बघतच राहिली. नवरा जाऊन तीन महिने झाले, तरी हप्त्यासाठी फायनान्स कंपनीचा एक फोन नाही, म्हणून ती चौकशीला कर्जतच्या या ऑफिसात आली होती. निघालं भलतंच.

"चुकतंय कायतरी, पोरी. आमचे हे दर पाच तारखेला हितं हप्ता भरायला यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून!"

"यायचे ना!" श्रद्धा हसली. "नरेशकाका त्या बाकड्यावर बसायचे, थंड पाणी प्यायचे, पेपर वाचायचे आणि जायचे. आम्ही दर वेळी सांगायचो, काका, कर्ज फिटल्याचा दाखला न्या, आरटीओत गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. तर म्हणायचे, बोजा हाय तवर गाडी माझी हाय. आम्हाला कधी अर्थच लागला नाही."

अर्थ उज्वलालाही लागला नाही. तिला आधी रागच आला, चांगला सणसणीत. चार वर्षं हा माणूस पाच तारखेला दारात चपला काढताना सुस्कारा टाकायचा आणि म्हणायचा, "कुटं फिटतंय!" आणि ती बिचारी त्याला चहात जास्त साखर घालून द्यायची. मग हप्त्याचे पैसे कुठे गेले? लेकीचा, स्नेहलचा ड्रायव्हिंगचा क्लास आठवला. टेंपोचे नवे टायर आठवले. "उधारीवर केलं," म्हणाला होता. बायकोशीसुद्धा खोटं! आता भांडायचं तरी कोणाशी?

"वहिनी, झालं का?" खालून जिन्यातून हाक आली.

दीर होता, सुमित. आज स्वतःहून बाइकवर बसवून घेऊन आला होता. एरवी वहिनीला साधं दहिवलीच्या नाक्यापर्यंत सोडायचं तर याच्या गाडीत पेट्रोल नसायचं. पळसदरीच्या जमिनीतला आपला हिस्सा त्याने फार्महाउसवाल्याला विकला आणि मोबाइलवरच्या रमीत घालवला. तेव्हापासून घरात जे मोकळं दिसेल त्यावर त्याचा डोळा. टेंपो घेताना सुरुवातीचे पैसे त्यांच्या वडिलांनी, धर्माजींनी दिले होते. म्हणजे निम्मा टेंपो आपला, हा त्याचा हिशेब. बोजा असलेली गाडी विकता येत नाही, पण कर्ज फिटलेलं निघालं तर आजच सौदा करायचा होता. गिऱ्हाईकही तयार होतं. त्याच टेंपोतून स्नेहल रोज पहाटे रसायनीच्या कॅन्टीनांना भाजी पोचवायची आणि घराची चूल त्यावर पेटायची, हे त्या हिशेबात कुठे नव्हतं.

कर्जाचं नाव निघालं की मात्र सुमित गप्प बसायचा. निम्मा टेंपो म्हटला की निम्मे हप्तेही आले असते ना!

उज्वलाचा हात तोंडावर गेला. श्रद्धाला वाटलं, मावशी रडतायत. रडतच होती ती, पण हसूही आवरत नव्हतं. कसला बेरकी माणूस होता! आणि किती एकट्याने सांभाळलं त्याने हे सगळं. बायकोला कळलं तर तिच्या तोंडावर दिसेल, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

श्रद्धाने दाखला पुढे केला. "घ्या, मावशी. गाडी मोकळी झाली तुमची."

उज्वलाने डोळे पुसले आणि कागद हळूच परत सरकवला. "हितंच ऱ्हाऊ दे, पोरी. मी येते परत."

ती जिना उतरली. सुमित पायथ्याशी उभा होता, कानाला फोन, गिऱ्हाईक लाइनवर.

"फिटलं ना, वहिनी?"

उज्वलाने एक मोठा सुस्कारा टाकला, अगदी नरेशसारखा.

"कुटं फिटतंय, भावजी! पाच तारखेला परत यायचं हाय. तुमी येताय का निम्मा हप्ता घेऊन?"